पंधरा नंबरचा बिल्ला

सकाळी सातच्या बसमध्ये बसता बसताच धाकट्याने ताईकडून शब्द घेतला. "आज दिवसभर मला 'कुठे आहेस' म्हणून विचारायचं नाही. एकदाही नाही. कबूल?"

"कबूल," ताई म्हणाली.

धाकटा तिचा भाऊ. वय वर्षं चौतीस, पण अजून धाकटाच. आईवडील वर्षभरात एकापाठोपाठ गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि ताई चोवीसची. तेराव्या वर्षी त्याला पहिली फिट आली, स्वयंपाकघरात, हातात दुधाचं पातेलं असताना. त्या दिवसापासून ताईने त्याला नजरेआड म्हणून होऊ दिलं नाही. न्हाणीघराच्या दाराबाहेरून, जिन्याच्या तोंडाशी उभं राहून, फोनवरून, दिवसातून दहा वेळा ती तेच विचारायची. एकदा तर सिनेमागृहात मध्यंतर संपून अंधार झाला तरी तो परतला नाही, तेव्हा तिने व्यवस्थापकाला गाठून चालू सिनेमात दिवे लावायला लावले होते. चारशे माणसं वळून बघतायत, आणि धाकटा मक्याच्या लाह्यांचे दोन पुडे घेऊन दारात उभा. पुढे वर्षभर तो तिच्याबरोबर सिनेमाला गेला नाही. चुलत भावंडं ताईला 'हजेरीमास्तर' म्हणायची.

तिला त्याचा राग येत नसे, कारण हजेरी घेणं हे तिचं पोटापाण्याचं कामच होतं. शहरातल्या मोठ्या वाचनालयाच्या दाराशी सामानाची खिडकी होती, तिथे ती तेवीस वर्षं बसत होती. वाचकाने पिशवी द्यायची, ताईने त्याला पितळी बिल्ला द्यायचा. जाताना बिल्ला परत, पिशवी परत. एकशेवीस खिळे, एकशेवीस बिल्ले. संध्याकाळी सगळे बिल्ले आपापल्या खिळ्यावर, आकडा पुढे करून, सरळ लागल्याशिवाय ती घरी जात नसे. एखादा उलटा दिसला की तिचा हात आपोआप जायचा. बोलता बोलता जायचा, डबा खाता खाता जायचा. पाहुणी म्हणून कुणाकडे गेली तरी ती भिंतीवरच्या तसबिरी सरळ करून यायची.

धाकटा श्रवणयंत्रं दुरुस्त करायचा. तांदळाच्या कणीएवढे भाग चिमट्याने बसवायचे, त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. चार तासांवरच्या एका गावात त्याला नवी नोकरी मिळाली होती आणि त्याने तिथे खोलीही ठरवली होती. एक तारखेला जायचं. साडेतीन वर्षांत फिट आली नव्हती, डॉक्टरांची हरकत नव्हती, त्यामुळे ताईला बोलायला जागाच उरली नव्हती. तिने एकच मागितलं, खोलीची दुसरी किल्ली माझ्याकडे राहू दे.

"बघू," तो म्हणाला होता. "आधी एक दिवस मला न शोधता राहून दाखव. मग किल्लीचं बोलू." आणि सागरी उद्यानाच्या बोटीची दोन तिकिटं काढून आणली होती.

खरं सांगायचं तर ताईच्या मनात आणखी एक होतं, आणि ते ती कुणापुढे बोलली नसती. त्याने जाऊच नये, असं तिला वाटत होतं. आज काहीतरी व्हावं, फार नाही, अगदी थोडं, की त्याचं त्यालाच कळावं, एकट्याने राहणं आपल्याच्याने होणार नाही. पायात पेटका यावा, पाण्याची भीती वाटावी, एवढंच. आपल्याच भावाचं वाईट चिंततोय हे लक्षात आलं की ती घाईघाईने खिडकीबाहेर बघायची.

धक्क्यावरच्या कचेरीत अर्ज भरायचा होता. 'गेल्या दोन वर्षांत फिट, चक्कर, छातीत दुखणे?' धाकट्याने 'नाही'वर खूण केली. खोटं काहीच नव्हतं. तरी ताईच्या जिभेवर शब्द आले होते, ते तिने गिळले. तेवढ्यात पहारेकऱ्याने तिच्या पिशवीतली उन्हासाठीची मलमाची ट्यूब काढून ठेवली, कारण ते मलम पाण्यात उतरतं आणि पोवळ्यांना बाधतं. बदल्यात त्याने एक कोरा कागद फाडून त्यावर तिचं आडनाव लिहिलं. त्यावर आकडासुद्धा नव्हता. हे कसलं सामान सांभाळणं, असं ताईच्या मनात आलं.

बोट चालवणारी बाई मात्र तिला एकदम पसंत पडली. चाळिशीची, उन्हाने रापलेली, आवाज खणखणीत. सगळे तिला कप्तानबाई म्हणत होते. इंजिनाशी एक म्हातारे काका होते आणि प्रवासी पंधरा. बोट सुटल्यावर कप्तानबाई मधोमध उभ्या राहिल्या.

"पोवळं म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असतं. बोटभर वाढायला त्याला कितीतरी वर्षं लागतात, आणि तुमच्या टाचेखाली मोडायला क्षण पुरतो. हात लावायचा नाही, माशांना खायला घालायचं नाही, आणि काही झालं तरी पाय टेकायचा नाही. दमलात तर पाठीवर तरंगा, नाहीतर पिवळे गोळे लावलेली दोरी आहे ती धरा. पाणी कमरेएवढं असलं तरी उभं राहायचं नाही. तरंगण्याचं हे नारिंगी जॅकेट किनाऱ्यापर्यंत अंगावरच."

मग त्यांनी केबिनच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एक लाकडी फळी होती, तिच्यावर दोन ओळींत पंधरा खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर पत्र्याचा गोल बिल्ला, एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने लाल. दोन्ही बाजूंना आकडा.

"पाण्यात उतरताना आपला बिल्ला लाल करायचा. वर आलात की पांढरा. ज्याचा त्याने. नवऱ्याने बायकोचा नाही, आईने मुलीचा नाही. फळीवर एक जरी लाल दिसतोय तोवर बोट हलत नाही. पांढरा म्हणजे माणूस बोटीवर आहे, असं मी धरते. कळलं?"

कुणी कळलं म्हटलं, कुणी हसलं. एक दातांचे डॉक्टर होते, ते म्हणाले, "आमच्या दवाखान्यात लावतो अशी फळी." ताई फळीकडे कौतुकाने बघत राहिली. चौदा नंबर तिचा होता आणि शेजारचा पंधरा धाकट्याचा.

उद्यानात नांगर टाकायला बंदी होती, कारण नांगराने पोवळी चिरडतात. बोट पाण्यात तरंगणाऱ्या एका मोठ्या पिंपाला बांधायची. पिंपं थोडी, बोटी जास्त, म्हणून वेळ ठरलेली. यांना साडेअकरापर्यंत, नंतर दुसरी बोट.

ताईला पोहता येत नव्हतं. जॅकेट घालून, चष्मा काढून, तोंडावर मास्क आणि श्वासाची नळी चढवून ती शिडीवरून एकेक पायरी उतरली. उतरण्याआधी धाकट्याने स्वतःचा बिल्ला लाल केला, तिनेही केला. दोरीला धरून तिने पाण्यात तोंड घातलं. चार हातांवर एक अख्खी वस्ती होती. ताटाएवढी पसरलेली, बोटांसारखी फुटलेली पोवळी, जांभळी, पिवळी, मातकट. आणि त्यांच्यामधून मासे आपापल्या कामाला निघाल्यासारखे जात होते. एक चपटा निळा मासा तिच्या मास्कसमोर येऊन थांबला, तिला बघून घेतलं आणि निघून गेला. किती वेळ गेला कोण जाणे. मग एकदम तिच्या ध्यानात आलं की इतका वेळ आपण धाकट्याचा विचारच केला नाही.

तिने डोकं वर काढलं. तो पार लांब होता, दोरीच्या दुसऱ्या टोकाला, डॉक्टरांच्या घोळक्याच्याही पुढे. चष्म्याशिवाय नुसता नारिंगी ठिपका दिसत होता. त्याने हात वर केला, ती 'ये' म्हणून खूण आहे की 'जातो' म्हणून, ते तिला कळेना. तिने हाक मारायला तोंड उघडलं, तोंडात खारं पाणी गेलं, मास्कमध्येही शिरलं. ठसका लागला. कप्तानबाईंनी येऊन तिला दंडाला धरून शिडीपर्यंत आणून सोडलं आणि त्या बाकीच्यांकडे परत वळल्या.

ताई वर आली. डोळे चुरचुरत होते, केसांतून पाणी गळत होतं. केबिनच्या भिंतीशी जाऊन तिने चौदा नंबरचा बिल्ला फिरवला, पंधरा नंबरचा फिरवला, आणि बाकावर येऊन डोळे मिटून बसली.

वारा वाढला तसे लोक परतू लागले. कुणी मागच्या शिडीने, कुणी पुढच्या. जो तो फळीशी जाऊन येत होता. ओले पाय, हसणं, टॉवेलांची ओढाओढ. ताईने डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर तिने शोधलंच असतं, आणि तिने तर शब्द दिला होता. डॉक्टरांचा आवाज आला, म्हणजे तो घोळका आला, म्हणजे धाकटाही आला. पुढच्या शिडीने चढून पुढच्या डेकवर गेला असणार, तरुण मंडळी तिथेच बसली होती. मुद्दामच इकडे येत नसेल, परीक्षा बघत असेल. बघू दे. ती मनातल्या मनात शंभरपर्यंत मोजू लागली.

"वारा वाढलाय, आपण पाच मिनिटं आधीच निघू," कप्तानबाई केबिनमध्ये जाता जाता फळीकडे बघून म्हणाल्या. "सगळे पांढरे. काका, सोडा."

दोर सुटला, इंजिन घरघरलं, बोट वळली. ताईचे शंभर झाले, मग तिने दोनशे केले. तीनशेला तिने डोळे उघडले, पण मान वळवली नाही. पिशवीतून चष्मा काढून घातला. समोरच्या बाकावर धाकट्याचा पिवळा टॉवेल होता.

टॉवेल कोरडा होता. सकाळी घरी तिने घातली होती तीच घडी, तशीच.

तेवीस वर्षं खिडकीवर बसलेल्या बाईला न नेलेल्या सामानाचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. सामान आत आहे, म्हणजे माणूस बाहेर पडलेला नाही. पाण्यातून आलेला माणूस आधी टॉवेलला हात घालतो. ताईने झटकन फळीकडे पाहिलं. पंधरा नंबर पांढरा होता. आहे, बोटीवरच आहे. वाऱ्याने वाळला असेल. तिने टॉवेल उचलून मांडीवर घेतला.

आणि मग तिच्या उजव्या हाताच्या बोटांना आठवलं. पत्र्याची ओली, गुळगुळीत कड. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा.

टॉवेल तिथेच टाकून ती उठली. पुढच्या डेकवर ती कशी गेली ते तिला नंतर आठवेना. तिथे पाच जण होते, त्यांत तो नव्हता. कपडे बदलायच्या खोलीचं दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. केबिनच्या दारात येऊन तिने चौकट धरली.

"बोट फिरवा. माझा भाऊ नाहीये."

"असेल हो पुढे कुठेतरी. बिल्ला पांढरा आहे त्यांचा."

"नाहीये. मी पाहिलं. पाण्यात राहिलाय तो."

कप्तानबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि इंजिन मंद केलं. बाहेर येऊन बोटाने एकेक डोकं मोजलं. चौदा. पुन्हा मोजलं. चौदा. त्यांचा रापलेला चेहरा पांढराफटक पडला. "डोकी मोजायची राहिली माझ्याकडून," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. फळीवरचा पंधरा नंबर त्यांनी लाल केला, बोट वळवली, आणि रेडिओवर दुसऱ्या बोटीला विचारलं. ती बोट वाऱ्यामुळे धक्क्यावरून निघालीच नव्हती. म्हणजे पोवळ्यांच्या खडकांवर आत्ता एकही माणूस नव्हता, एक सोडून.

"दहा मिनिटं लागतील," कप्तानबाई म्हणाल्या. "पोहता येतं ना त्यांना?"

"येतं. पण त्याला फिट यायच्या. साडेतीन वर्षं नाही आली."

"अर्जात लिहिलं नाही ते?"

"अर्जात दोन वर्षांचं विचारलं होतं."

त्यावर कप्तानबाईंनी फक्त वेग वाढवला. बिल्ल्याचं सांगायला हवं होतं, ताईला ते ठाऊक होतं. पण त्याने बोट लवकर पोचणार नव्हती, म्हणून आत्ता सांगायची गरज नाही, असं तिने स्वतःला समजावलं. खरं कारण एवढंच की तिची जीभ उचलेना.

सापडला की आधी गोळी द्यायची, म्हणून तिने बाकावर बसून त्याची पाठपिशवी उघडली. गोळ्यांची डबी वरच्या कप्प्यात असायची. डबीबरोबर दोऱ्यात ओवलेल्या दोन किल्ल्या हाताला लागल्या. एक नुसतीच होती. दुसरीला पुठ्ठ्याचा छोटा गोल बांधलेला, तिच्या खिडकीवरच्या बिल्ल्यासारखाच कापलेला, आणि त्यावर त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: ताई.

म्हणजे द्यायचं त्याचं आधीच ठरलं होतं. ताईने किल्ल्या होत्या तिथे ठेवल्या आणि कप्प्याची चेन लावली. तिला रडूही येईना.

पिंप दिसलं. रिकामं, लाटांवर वरखाली होत होतं. त्यापलीकडे पिवळ्या गोळ्यांची दोरी. सगळे प्रवासी कठड्याशी उभे राहून बघत होते. पाण्यावर ऊन इतकं चमकत होतं की प्रत्येक लाट डोक्यासारखी दिसायची आणि फुटायची. ताई डोळ्यांत तेल घालून बघत होती. आयुष्यभर जे विचारलं ते तिच्या ओठांवर होतं, आणि विचारायला समोर कुणी नव्हतं.

"तिकडे," काका म्हणाले. "गोळ्यांच्या रांगेत. शेवटून तिसरा नारिंगी आहे."

नारिंगीच होता. जॅकेटची पाठ वर होती. तोंड पाण्यात होतं.

बोट खडकांवरून नेता येत नव्हती. कप्तानबाईंनी अंगातला शर्ट काढून फेकला, पायाला पोहायचे रबरी पंखे चढवले आणि उडी घेतली. डॉक्टरांच्या बायकोने ताईला मागून धरून ठेवलं होतं. कप्तानबाईंचा हात वर, खाली, वर, खाली. त्या पोचायला आल्या, त्यांनी हात पुढे केला, आणि त्या नारिंगी जॅकेटमधून डोकं वर आलं. नळी तोंडातून काढून धाकटा त्यांच्याशी काहीतरी बोलला. काय ते बोटीवर ऐकू आलं नाही. पण बोलला.

ताई होती तिथेच खाली बसली.

वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. लाटा तोंडावर आदळून नाकातोंडात पाणी जात होतं, म्हणून तोंड पाण्यात घालून नळीने श्वास घेत राहिलो, असं त्याने सांगितलं. दोरी धरून होता. तळव्यांना वळ उठले होते. कप्तानबाई त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "तिथे खाली कमरेएवढंच पाणी आहे. उभे का नाही राहिलात?"

"तुम्हीच म्हणालात ना, पाय टेकायचा नाही म्हणून," धाकटा म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

काकांनी चहा दिला, कुणी घोंगडी दिली. ताईने त्याला हात लावला नाही. टॉवेल तेवढा त्याच्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसून राहिली. बोट पिंपाशी थांबलेलीच होती, फळीवर पंधरा नंबर लाल होता. कप्तानबाई अंगावरचं पाणी न पुसताच त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"मला धक्क्यावर कळवावं लागेल, म्हणून विचारते. उतरताना तुम्ही बिल्ला लाल केला होता?"

"केला होता." मग तो थांबला. "केला होता, असं वाटतं."

"मी पाहिलं तेव्हा पांढरा होता. तो काही आपणहून फिरत नाही."

"गडबडीत विसरतो माणूस," डॉक्टर समजुतीने म्हणाले.

धाकटा कपातल्या चहाकडे बघत होता. "राहिला असेल माझ्याकडून," तो हळूच म्हणाला. "त्या फिटच्या गोळ्यांनी कधीकधी आठवत नाही मला. गॅस बंद केला का, ते मी तीन तीनदा बघतो. इथे तर..." त्याने ताईकडे पाहिलं. असा चेहरा तिने तो तेरा वर्षांचा असताना पाहिला होता, स्वयंपाकघरात, शुद्धीवर आल्यानंतरचा. "ताई, तुझंच बरोबर होतं. नाही जमायचं मला एकट्याने. खोलीवाल्यांना मी उद्या नाही म्हणून कळवतो."

ताईला आनंद झाला. हे लपवण्यात अर्थ नाही, क्षणभर तिला खरोखर आनंद झाला. सकाळपासून जे मागितलं होतं ते आयतं पदरात पडलं होतं. तो राहणार होता, रोज संध्याकाळी घरी असणार होता, आणि त्यासाठी तिने नुसतं गप्प बसायचं होतं. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरून होता, एका हातावर भरवसा नसल्यासारखा. तांदळाच्या कणीएवढे भाग बसवणारे ते हात होते.

"पंधरा नंबर मी फिरवला," ताई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"त्याने लाल केला होता. माझ्या डोळ्यांदेखत केला होता. मी वर आले, माझा फिरवला आणि शेजारचा त्याचाही फिरवला. तो पाण्यात आहे हे मला माहीत होतं. तरी हात गेला." ती कप्तानबाईंकडे वळली. "बोट वळवायला सांगितली तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. बोलले नाही."

"मी सांगितलं होतं, ज्याचा त्याने," कप्तानबाई म्हणाल्या.

"हो. सांगितलं होतं."

"डोकी मोजली असती तर इथेच कळलं असतं. ती चूक माझी, ती मी लिहून देणार. पण तुमचीही लिहिणार."

"लिहा."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. तेवीस वर्षं त्याने तिच्यावर चिडून दारं आपटली होती, वर्षभर सिनेमा सोडला होता, पण असा गप्प तो कधी बसला नव्हता. ताईला वाटलं, आता हा ओरडेल तर बरं. फिट येईल, पडेल, भाजेल, बुडेल, या भीतीने तिने त्याला सांभाळलं होतं, आणि इतक्या वर्षांत त्याच्या जिवावर बेतलं ते आज, तिच्याच हाताने.

मग त्याने विचारलं, "म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही. तू काहीच विसरला नाहीस."

त्याने कप खाली ठेवला. घोंगडी खांद्यावरून घसरू दिली आणि उठला. बोट डुलत होती. ताईचा हात त्याला सावरायला पुढे झाला होता, तो तिने मागे घेतला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. तो कठड्याला धरत धरत फळीपर्यंत गेला. पंधरा नंबर त्याने पांढरा केला. काकांनी इंजिन सुरू केलं.

परत आला तो तिच्या शेजारी न बसता समोरच्या बाकावर बसला. टॉवेलने डोकं पुसलं. मग पाठपिशवी ओढून घेतली आणि चेन उघडून किल्ल्या काढल्या. पुठ्ठा बांधलेली किल्ली तो बराच वेळ बोटांत फिरवत राहिला.

"ही तुला द्यायची म्हणून आणली होती."

"माहितीये. गोळ्या शोधताना पाहिली मी."

"पाहिजे?"

ताईने मांड्यांखालचे हात काढले नाहीत. "नको," ती म्हणाली. "दिलीस तर पहिल्याच रविवारी येऊन तुझी सगळी भांडी लावून जाईन मी."

त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला, पण तो हसला नाही. त्याने पुठ्ठा सोडवून पिशवीत टाकला, दोन्ही किल्ल्या अर्ध्या चड्डीच्या खिशात घातल्या आणि खिशाचं बटण लावलं. धक्का दिसू लागला होता. पहारेकरी बाहेर येऊन उभा होता, रेडिओवरून त्याला कळलं असणार.

"जेवायला ये," धाकटा म्हणाला. "एक तारखेनंतरच्या रविवारी. घंटा वाजव, मी दार उघडीन."

"आणि उघडायला वेळ लागला तर?"

"तर थांबायचं," तो म्हणाला.